कडी आतून

मला सांगितलेलं काम एवढंच होतं: 24 माणसांची राहण्याची सोय, दिवसा येऊन संध्याकाळी घरी जाणाऱ्या दहा-बारा जणांना काम करायला जागा, एक मोठं स्वयंपाकघर, आणि “मॅडम, रंग जरा शांत बघा.”

सांगली जिल्ह्यात तालुक्याच्या एका गावी ही संस्था आहे. स्किझोफ्रेनिया, बायपोलर असे वर्षानुवर्षं सोबत राहणारे आजार ज्यांना आहेत, त्यांचं पुनर्वसन केंद्र ती चालवते. बारा वर्षं भाड्याच्या जागेत काढल्यावर गावातल्या एका व्यापारी कुटुंबाने त्यांना आपली जुनी हळदीची वखार देऊ केली. दगडी जोतं, दोन फूट जाडीच्या भिंती, वर मंगलोरी कौलं आणि मधोमध पोती उतरवायला ठेवलेला उघडा चौक. वखार बंद पडून कितीतरी वर्षं झाली होती, तरी दार उघडलं की हळदीचा वास अंगावर यायचा. मी ती पाहिली आणि भाळले. तोवर मी बंगले, एक शाळा, दोन मंगल कार्यालयं आणि एका पतसंस्थेची इमारत केली होती. या प्रकारचं काहीच केलं नव्हतं. पण आठ दिवसांत नकाशे तयार. चौकात कमळाचं कुंड, त्यात झुळझुळणारं कारंजं, भोवती बाक, भिंतींना फिकट निळा रंग. चित्रं इतकी देखणी झाली होती की मीच त्यांच्याकडे बघत बसायचे.

संस्थेच्या ताईंनी ते नकाशे विश्वस्तांच्या आधी शुभार्थींसमोर ठेवायला लावले. (शुभार्थी म्हणजे आजाराशी झगडणारी व्यक्ती, शुभंकर म्हणजे तिची काळजी घेणारी. या क्षेत्रातल्या मराठी माणसांत हे दोन शब्द आता रुळलेत, आणि ‘पेशंट’पेक्षा मला ते बरे वाटतात.)

“पाणी दिवसभर वाजणार का ओ?” एका काकांनी विचारलं.

“हो, मंद आवाज राहील. बरं वाटतं त्याने.”

“मला नळ सोडला तरी त्यात माणसं बोलल्याली ऐकू येत्यात. तुम्ही तर घरात धबधबाच बसवलाय की.”

सगळे हसले, काकाही हसले. कारंजं तिथल्या तिथे गेलं. डॉक्टर मागे उभे होते. ते म्हणाले, “नकाशा गुंडाळून ठेवा. आठ दिवस जुन्या जागेत येऊन बसा. काही विचारू नका, सुचवू नका. नुसत्या बसा.”

मला ते जरा लागलं. पण गेले.

जुनी जागा म्हणजे पत्र्याचा एक लांबलचक हॉल आणि मागे खोल्या. पहिल्या दिवशी मला फक्त आवाज आठवतो. जेवणाच्या वेळी 24 स्टीलची ताटं कडप्प्याच्या टेबलांवर, वाट्या, पेले, लोखंडी खुर्च्यांचे पाय फरशीवर करकरताहेत, आणि या सगळ्यावर मात करायला सिस्टर ओरडून नावं पुकारताहेत. मोबाइलवरच्या ॲपवर फार विसंबू नये, पण काटा 80 डेसिबलच्या आसपास होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या 1999 च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये रुग्णालयाच्या वॉर्डसाठी रात्री 30 डेसिबल सांगितलेत. रात्रीचा आकडा दुपारच्या जेवणाला लावणं बरोबर नाही, कबूल. पण ज्याच्या डोक्यात आधीच आवाजांची गर्दी आहे तो त्या हॉलमध्ये दोन घासांत उठून जातो, हे मी रोज पाहत होते. एक दादा दोन्ही कानांवर उपरणं गुंडाळूनच जेवायला यायचे. मला आधी वाटलं, आजाराचं लक्षण असेल. चौथ्या दिवशी माझंही डोकं ठणकायला लागलं, तेव्हा कळलं की त्या हॉलमधला सगळ्यात शहाणा माणूस तोच.

दुसरी गोष्ट खुर्च्यांची. हॉलच्या चारी भिंतींना पाठी लावून खुर्च्या मांडलेल्या, मध्ये मोकळं मैदान. लग्नात मुलाकडचे आणि मुलीकडचे समोरासमोर बसतात तसे सगळे बसायचे. शेजारच्याशी बोलायचं तर मान वळवायची, समोरच्याशी बोलायचं तर ओरडायचं. म्हणून कोणीच बोलायचं नाही. 1950 च्या दशकात कॅनडातल्या सस्कॅचवनमध्ये रॉबर्ट सॉमर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने वृद्धांच्या वॉर्डात हेच पाहिलं होतं. त्याने खुर्च्या भिंतीपासून सोडवून टेबलांभोवती मांडल्या आणि आपसातलं बोलणं जवळजवळ दुप्पट झालं. हे मला कॉलेजात शिकवलेलं. म्हणून सहाव्या दिवशी डॉक्टरांचं ‘सुचवू नका’ मोडून मी संध्याकाळी चार-चार खुर्च्यांची टोळकी करून ठेवली. सकाळी येऊन बघते तर सगळ्या परत भिंतीला. झाडणाऱ्या मावशी म्हणाल्या, “मॅडम, मधी खुर्च्या असल्या की केरसुणी फिरत न्हाई.” आणि कानाला उपरणं बांधणारे दादा पहिल्यांदाच माझ्याशी बोलले: “पाठीमागं भिंत नसली तर मला बसता येत नाही.”

त्या दोन वाक्यांवर मी पुढे महिनाभर काम केलं. नव्या जेवणघरात चौघांची टेबलं आहेत, ती मावशींना एका हाताने सरकवता येतील इतकी हलकी. पण भिंतीला चार कोनाडे काढलेत. एकट्याला किंवा दोघांना पाठ भिंतीला लावून, दार नजरेसमोर ठेवून जेवता येईल असे. खुर्च्यांच्या पायांना रबरी टोप्या, टेबलांना जाड रेक्झिनखाली फेल्ट, आणि कौलांखाली लाकडाच्या किसाच्या-सिमेंटच्या तक्त्यांचं छत. हे तक्ते आवाज पितात. सगळं मिळून खर्च एका चकचकीत रिसेप्शन काउंटरपेक्षा कमी आला.

फरशीचा धडा मात्र उशिरा मिळाला. मी नमुने म्हणून तीन-चार लाद्या मांडून ठेवल्या होत्या: एक आरशासारखी गुळगुळीत व्हिट्रिफाइड, एक ठिपक्याठिपक्यांची मोझॅक, एक साधा कोटा. एक तरुण मुलगा चपला काढून त्या गुळगुळीत लादीपाशी आला आणि डबकं ओलांडावं तसा ती ओलांडून गेला. मोझॅकपाशी मात्र उभा राहिला. “ही हालतीया बगा,” म्हणाला. मला काहीही हललेलं दिसलं नाही. नंतर संदर्भ शोधताना कियो इझुमी या कॅनडातल्याच वास्तुविशारदाची हकीकत सापडली. मनोरुग्णालयाचं काम हाती आल्यावर, रुग्णाला इमारत कशी दिसत असेल हे समजून घ्यायला त्याने डॉक्टरांच्या देखरेखीखाली एलएसडी हे भास घडवणारं द्रव्य घेऊन जुन्या रुग्णालयात फेरफटका मारला होता. चकाकणारे पृष्ठभाग, न संपणाऱ्या मार्गिका आणि अंधारी कपाटं यांनी तो घाबरून गेला, आणि यॉर्कटनच्या मनोरुग्णालयाच्या रचनेत त्याने ते सगळं टाळलं. आमच्या सांगलीकडे एवढ्या थराला जायची गरज नाही. फरशी बघायला माणसांना बोलवायचं आणि त्यांनी सांगितलेलं खरं मानायचं, एवढं पुरतं. आम्ही कोटा घेतला, त्याला घासकाम केलं पण चकाकी आणली नाही. कॉन्ट्रॅक्टरला शेवटपर्यंत वाटत राहिलं की मॅडमनी पॉलिशचे पैसे वाचवले.

चालण्याचा मुद्दा डॉक्टरांनी काढला. काही औषधांनी पायांत अशी अस्वस्थता येते की माणूस एका जागी बसूच शकत नाही, येरझारा घालत राहतो. जुन्या जागेत मार्गिका सरळ होती आणि टोकाला कुलूपबंद दार. चालणारा तिथे जायचा, दाराला हात लावायचा, फिरायचा. दिवसातून शंभरदा बंद दार. काही जण तर दाराला हात लावल्याशिवाय फिरायचेच नाहीत. मी वखारीच्या चौकाभोवती सलग पडवी काढली, कुठेही न अडता फिरून पहिल्या जागी येणारी. देवळात प्रदक्षिणेची वाट असते तशी. हे कुणा पुस्तकातून घेतलेलं नाही. आठव्या दिवशी बसल्या बसल्या गावातल्या देवळाची घंटा ऐकून सुचलं. रुंदी सहा फूट ठेवली, म्हणजे समोरून माणूस आला तर अंग चोरावं लागू नये. वाटेत तीन ठिकाणी टेकायला ओटे. आज त्या पडवीला सगळे ‘प्रदक्षिणा’च म्हणतात. “कुठं हायत काका?” “प्रदक्षिणेला गेल्यात.”

आता कडीचं.

बायकांच्या बाजूच्या खोल्यांची चर्चा चालू होती. दारं कशी हवीत असं मी विचारलं. एक ताई, चाळिशीच्या असतील, शाळेत शिक्षिका होत्या, त्या कधी बैठकीत बोलायच्या नाहीत. त्या दिवशी म्हणाल्या, “आतून कडी द्या.”

कोणी काही बोललं नाही. जुन्या जागेत एकाही दाराला आतून कडी नव्हती. न्हाणीघरालासुद्धा. त्या म्हणाल्या, “मी एक हात दारावर दाबून धरून आंघोळ करते. तांब्या एका हातात. साबण लावायचा झाला की दार सोडावं लागतं.”

हे मी वहीत लिहून घेतलं तेव्हा माझं अक्षर वाकडंतिकडं झालं, ते पान अजून आहे. कारण आमच्या आजोळी माडीवर एक खोली होती आणि तिला कडी बाहेरून होती. आत मामा असायचा. मी सात-आठ वर्षांची असेन. जेवणाचं ताट वर नेऊन द्यायचं काम कधीकधी माझ्याकडे यायचं. कडी माझ्या हाताला पुरायची नाही म्हणून आजीने तिथे एक स्टूल ठेवलं होतं. त्या घरात कोणी दुष्ट नव्हतं. आजी मामाला स्वतःच्या हाताने न्हाऊ घालायची. तरीही कडी बाहेरूनच होती, आणि तीस वर्षं ती कोणाला खटकली नाही. मलाही नाही. मी या कामाला हो का म्हटलं असं लोक विचारतात तेव्हा मी वखारीच्या भिंतींबद्दल बोलते.

कर्मचाऱ्यांचा विरोध खरा होता आणि मला तो पटत होता. रात्रपाळीचे दादा म्हणाले, “आत काही झालं तर दार मोडू का? आणि मोडेपर्यंत?” त्यांचं चुकीचं काय होतं? पण उलट बाजूचं उदाहरणही कमी भयंकर नाही. तमिळनाडूतल्या एरवाडीला 6 ऑगस्ट 2001 रोजी पहाटे आग लागली तेव्हा साखळदंडांनी बांधलेली 28 मनोरुग्ण माणसं जळून गेली. त्यांना पळताच आलं नाही. बाहेरून घातलेल्या कडीची किंमत ती. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने साखळीने बांधणं आणि एकांतकोठडीत डांबणं या दोन्हींना बंदी घातली आहे. त्याच कायद्याच्या कलम 20 मध्ये खासगीपणाचा हक्क आहे, स्वतःचे कपडे घालायचा हक्क आहे, डोकं जबरदस्तीने भादरून न घेण्याचाही हक्क आहे. कायद्यात इतकं बारीक लिहावं लागलं, यावरून पूर्वी काय चालत असेल ते समजा.

उपाय तसा जुनाच आहे. आतून फिरवायची खुंटी आणि बाहेरच्या बाजूला एक खाच. वेळ आली तर नाणं घालून फिरवायची, दार उघडतं. शिवाय दार बाहेरच्या बाजूला उघडणारं, म्हणजे आतून कोणी पडलं किंवा पलंग लावला तरी अडणार नाही. तयार मिळणाऱ्या परदेशी कुलुपांची किंमत ऐकून संस्थेच्या ताईंनी फोन खाली ठेवला. मग गावातल्या लेथवाल्याकडे गेलो. तो ट्रॅक्टरचे भाग करतो. त्याला चित्र काढून दाखवलं, पितळेचा एक नमुना त्याने दोन दिवसांत करून दिला. खाच आधी बारीक झाली, पाच रुपयांचं नाणं जाईना. दुसऱ्यांदा खुंटी फिरवताना बोट सोलवटलं. तिसरी कडी बरोबर जमली. जुन्या जागेतल्या एका न्हाणीघराला ती महिनाभर लावून ठेवली आणि रात्रपाळीच्या दादांना रोज एकदा बाहेरून उघडायला लावलं. पंधरवड्यात ते चार सेकंदांत उघडायला लागले. त्यांनी खिशात एक रुपया वेगळा ठेवायला सुरुवात केली, तो चहाला खर्च करायचा नाही.

खरी गरज आत्तापर्यंत एकदाच पडली. एकाला रात्री फिट आली होती. दार उघडायला नाण्याला जेवढा वेळ लागला, तेवढाच.

पंख्यांबद्दल थोडक्यात सांगते, कारण हा विषय फार चघळायचा नाही. खोल्यांत छताचे पंखे नाहीत, भिंतीवरचे जाळीबंद आहेत. पडद्यांच्या दांड्या, कपड्यांचे खुंट्या-हूक हे भार पडला की निसटणारे आहेत. 2023 मध्ये राजस्थानातल्या कोटा शहरात विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांना स्प्रिंग बसवलेले पंखे सक्तीचे केले तेव्हा वर्तमानपत्रांत बरीच थट्टा झाली. स्प्रिंगने दुःख जात नाही हे खरंच आहे. पण तीव्र क्षण बरेचदा थोडा वेळच टिकतो, आणि तो टळला तर बोलायला माणूस उरतो. इमारतीने तेवढं करावं. फक्त ते दिसू नये. सुरक्षिततेच्या नावाखाली तुरुंग बांधायला वेळ लागत नाही.

खिडक्यांवर माझं नि गवंड्याचं सर्वांत जास्त वाजलं. वखारीला खिडक्या नव्हत्याच, वर झरोके होते. आतला माल कोणाला दिसू नये हाच हेतू. दोन फुटी दगडी भिंत फोडून खिडकी काढायची म्हणजे आधी वर तुळई बसवायची, मग खालचे दगड एकेक सोडवायचे. चौदा खिडक्यांना अडीच महिने लागले. पण खिडकीची बैठक मी जमिनीपासून फक्त दीड फुटावर ठेवली आणि भिंतीच्या जाडीचंच बसायचं आसन झालं. पाय वर घेऊन, पाठ कडेला टेकवून त्यात बसता येतं. आत असूनही बाहेर. गजांऐवजी जाळी आहे, वेलबुट्टीची, आणि तावदान चार इंचांपेक्षा जास्त उघडत नाही. संपूर्ण इमारतीत मला अभिमान वाटावा अशी जागा कुठली, तर ही. त्यात माझी अक्कल कमी आणि वखार बांधणाऱ्या व्यापाऱ्याची जास्त.

खिडकीतून काय दिसावं, याबद्दल रॉजर उलरिच यांचा 1984 चा अभ्यास वास्तुरचनेच्या वर्गात हमखास सांगतात. पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या 46 जणांच्या 1972 ते 1981 मधल्या नोंदी. निम्म्यांच्या खिडकीतून झाडं दिसत, निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडंवाले लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकं कमी लागली. पण ते पित्ताशयवाले होते, असं डॉक्टर मला चिडवायचे. त्यांनी दिलेला संदर्भ मिलानचा, 2001 चा. बायपोलर आजाराच्या नैराश्यातल्या ज्या रुग्णांना पूर्वेकडच्या, सकाळचं ऊन येणाऱ्या खोल्या मिळाल्या, ते पश्चिमेकडच्यांपेक्षा सरासरी साडेतीन दिवसांहून थोडं जास्तच लवकर घरी गेले. निव्वळ नैराश्य असलेल्यांत मात्र असा फरक दिसला नाही. हे वाचून मी झोपायच्या जास्तीत जास्त खोल्या पूर्वेला ओढल्या.

आणि तिथे चुकले. दोघा-तिघांना रात्रीच्या औषधाने सकाळी जाग येत नाही. तोंडावर येणारं ऊन त्यांना शिक्षा वाटू लागलं. “मॅडम, तुमच्या अभ्यासातल्या लोकांना विचारलं होतं का?” असं एका मुलाने सरळ विचारलं. आता प्रत्येक पलंगाला स्वतःचा जाड पडदा आहे, ज्याचा त्याने ओढायचा. दिवाही ज्याचा त्याने विझवायचा. पांढऱ्या ट्यूबलाइट काढून पिवळसर दिवे लावले, तर सिस्टरना औषधांच्या पट्ट्यांवरची नावं वाचता येईनात. औषधांच्या कपाटावर एक पांढरा दिवा परत आला.

पश्चिमेची भिंत उन्हाळ्यात तापते. इथे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो, आणि यातली काही औषधं अशी की शरीराला स्वतःची उष्णता नीट सांभाळता येत नाही. बायपोलरवरचं लिथियम घेणाऱ्याला पाणी कमी पडलं तर ते थेट धोक्याचं. म्हणून पश्चिमेला खोल्या न ठेवता कोठीची खोली, धुण्याची जागा आणि जिना ठेवला. पडवीत दोन कोपऱ्यांत माठ. फिल्टरचं यंत्रही आहे, पण माठावर गर्दी जास्त.

रंगाचं राहिलंच. एका देणगीदारांना संपूर्ण इमारत ‘शांत निळी’ हवी होती आणि दर्शनी भिंतीवर फूटभर अक्षरांत ‘सकारात्मक विचार करा’. नैराश्याने अंथरुणातून उठता न येणाऱ्या माणसाला हे वाक्य रोज वाचायला लावणं म्हणजे लंगड्याला दारातच ‘पळा’ म्हणण्यासारखं आहे. मी तसं बोलले, आणि बोलायला नको होतं. देणगी अर्धी झाली. रंगांबद्दल एवढ्या ठामपणे बोलणाऱ्यांना मी अमेरिकेतल्या गुलाबी कोठडीची गोष्ट सांगते. 1979 मध्ये सिअ‍ॅटलच्या नौदलाच्या बंदिगृहात कोठडी एका विशिष्ट गुलाबी रंगाने रंगवली आणि त्याने कैदी शांत होतात असा बोलबाला झाला. कितीतरी तुरुंगांनी तो रंग आणला. पुढच्या तपासण्यांत तो दावा टिकला नाही.

आमच्या वखारीने मात्र रंगाचा निकाल स्वतःच लावला. जुन्या भिंतींना प्लास्टिक पेंट चालत नाही, ओल आत कोंडते, म्हणून मी चुन्याची सफेदी सांगितली. सकाळी सफेदीचा पहिला हात मारला आणि दुपारी रंगारी धावत आला. खोलीच्या तीन भिंतींवर, कमरेपर्यंत, लालभडक डाग फुटत होते. जणू भिंतीला जखम झाली आहे. मी घामाघूम झाले. ज्या खोलीत संशयाने पछाडलेला माणूस झोपणार, तिथे रक्ताचे डाग! चुन्यात कोणी काही मिसळलं का, म्हणून रंगाऱ्यावर ओरडले. तेवढ्यात झाडणाऱ्या मावशी आल्या, भिंतीला बोट लावून बघितलं, आणि स्वतःच्या कपाळावर टेकवलं.

“हळद नि चुना एकत्र आल्यावर कुंकू होणार न्हाई तर काय?”

पोती वर्षानुवर्षं भिंतीला टेकून राहिली होती, हळद गिलाव्यात मुरली होती. चुन्याने ती लाल झाली. वास्तुरचनेची पदवी घेतलेल्या, दर चैत्रात हळदीकुंकू करणाऱ्या बाईला हे सुचू नये! कमरेपर्यंतचा गिलावा सगळा खरवडून नवा केला. बजेटमध्ये हे कुठेच नव्हतं. चौकातला एक कोपरा मात्र शुभार्थींनी तसाच ठेवायला लावला. लाली महिनाभरात उतरली, आता तिथे फिकट पिवळा डाग आहे.

सामान हलवलं तो दिवस गोंधळाचाच होता, त्यात सांगण्यासारखं काही नाही. पुढच्या वर्षभरात मी दर महिन्याला जात राहिले, काय चुकलं ते लिहून घ्यायला. यादी लांब आहे. बागेत मी घडवून घेतलेल्या दगडी बाकांवर कोणी बसत नाही. सगळे मागच्या दाराच्या तीन पायऱ्यांवर बसतात, कारण तिथून बसथांबा दिसतो. उतरणारे लोक, भाजीचा गाडा, शाळेची पोरं. शांतता हवी म्हणून मी दर्शनी बाजू आत वळवली होती आणि यांना रस्ता हवा होता. आता पायऱ्या रुंद केल्यात आणि वर पत्र्याची पडछाया. ‘समुपदेशन कक्ष’ नावाची आवाजबंद खोली बहुतेक वेळ रिकामी असते. बोलणं होतं ते स्वयंपाकघरात, लसूण सोलताना. 1996 मध्ये एडिंबरात कर्करुग्णांसाठी पहिलं मॅगीज सेंटर सुरू झालं, तिथे मधोमध स्वयंपाकाचं टेबल ठेवलं होतं हे मला ठाऊक होतं. तरी मी स्वयंपाकघर कोपऱ्यात टाकलं, धुराची सोय बघून. शेवटी भिंत पाडून ते पडवीला जोडलं. सुऱ्यांसाठी एक फळी आहे, प्रत्येक सुरीची आकृती तिच्यावर रंगवलेली. रात्री फळी भरली की कुलूप. ही कल्पना माझी नाही, ट्रॅक्टरच्या लेथवाल्याची. त्याच्या कारखान्यात पाने असेच टांगलेले असतात.

गेल्या महिन्यात गेले तेव्हा कर्मचाऱ्यांची दुरुस्तीची वही चाळत होते. नळाचे वॉशर, दोन फुटकी कौलं, एक तुटलेली खुर्ची. आणि एकाच खोलीची कडी, वर्षात दोनदा बदललेली. शिक्षिका ताईंची. मला वाटलं लेथवाल्याने पितळ हलकं वापरलं. वर गेले, दार वाजवलं. आतून खुंटी फिरल्याचा आवाज आला, दार उघडलं.

“तुम्हीच का त्या कडीवाल्या? बरं झालं आलात,” त्या म्हणाल्या. “ही परत ढिली झालीय. मी रात्री उठून दोन-तीनदा काढून घालून बघते, म्हणून झिजत असेल. पण पुढची जरा जड करा. आणि बसवणारा माणूस येईल तेव्हा त्याला दुपारनंतर पाठवा, सकाळी मी वाचत बसते.”

मी वहीत लिहून घेतलं: खोली क्र. 7, कडी जड, दुपारनंतर.